पनवेलच्या अलीकडे रुग्ण, पलीकडे झपाटलेली

राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलला सुरू होतो आणि थेट कन्याकुमारीला जाऊन थांबतो. गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याच्या लेखी पळस्पे फाटा मागे पडला की मुंबई संपली, कोकण लागलं. मनाच्या आजाराविषयी बोलण्याची आपली भाषाही साधारण इथेच बदलते. एखाद्या बाईला कुणी नसताना आवाज ऐकू येतात, कोपऱ्यात कुणीतरी उभं दिसतं. फाट्याच्या अलीकडे तिच्या ‘डोक्यावर परिणाम झालाय’ आणि तिला डॉक्टरकडे न्यायचं ठरतं. पलीकडे तिला ‘बाधा झालीय’ आणि भगताची चौकशी सुरू होते. ही सीमा अर्थातच पक्की नाही. मुंबईच्या टॉवरमध्येही उतारे टाकले जातात, आणि रत्नागिरीत मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे. पनवेलसारख्या गावात तर दोन्ही जगं एकाच घरात नांदतात. सकाळी मानसोपचारतज्ज्ञाची गोळी, संध्याकाळी दृष्ट काढणं.

दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखीच घडते. ती काय सांगते आहे, हे ऐकणं थांबतं. रुग्ण म्हटलं की तिचं बोलणं लक्षण ठरतं, झपाटलेली म्हटलं की ते बोलणं तिचं राहतच नाही, तिच्या अंगातलं कुणीतरी बोलत असतं. घर, जमीन, नवरा, सासर यांबद्दल तिने काही तक्रार केली असेल तर तीही त्याच गाठोड्यात बांधली जाते. स्वतःच्या शुद्धीबद्दल शंका येणं हे भयंकर आहेच. पण ती शंका आधी आजूबाजूच्यांच्या डोळ्यांत दिसते आणि मग स्वतःच्या मनात उतरते, हे त्याहून भयंकर.

मराठीत कमी पैशांत काढलेल्या काही चित्रपटांनी नेमकी हीच जागा धरली. त्यातले तीन इथे महत्त्वाचे आहेत: सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४), आदिश केळुसकरचा ‘कौल’ (२०१६) आणि विशाल फुरियाचा ‘लपाछपी’ (२०१७). तिन्हींतही गोष्ट शहर आणि गाव यांच्या मध्ये कुठेतरी घडते. ‘देवराई’तला शेष कोकणातून बहिणीच्या शहरातल्या घरी येतो, ‘कौल’चा नायक कोकणातल्या एका गावात शिक्षक आहे, आणि ‘लपाछपी’तली नेहा शहर सोडून गावाकडच्या एका घरात लपते. माणसाची जागा बदलली की त्याच्या आजाराचं नावही बदलतं, हे या चित्रपटांना ठाऊक आहे.

‘लपाछपी’ आधी घेऊ, कारण तो सगळ्यांत जास्त लोकांनी पाहिला. पूजा सावंतने साकारलेली नेहा आठव्या महिन्याची गरोदर आहे. नवऱ्यामागे पैशासाठी माणसं लागली आहेत, म्हणून दोघं ड्रायव्हरच्या गावच्या घरी येऊन राहतात. घर उसाच्या फडात. ज्याने उभ्या उसातून कधी वाट काढली असेल त्याला या जागेची निवड किती अचूक आहे ते लगेच कळेल. तयार ऊस माणसाच्या डोक्याच्या वर जातो. दोन सऱ्या ओलांडल्या की आलेली वाट दिसत नाही. पानांच्या कडा हातावर बारीक ओरखडे काढतात, वारा नसतानाही कुठेतरी पाचट वाजत असतं आणि तो आवाज माणसाच्या चालण्याचा की नुसत्या पानांचा, हे कानाला ठरवता येत नाही. भयपटाला लागणारं सगळं सामान शेतकऱ्याने आधीच लावून ठेवलेलं. फुरियाने वाडा, वटवाघळं, जुनी हवेली यांच्या वाटेला न जाता दिवसाढवळ्या, भर उन्हात भीती उभी केली, ही त्याची मोठी कमाई आहे.

नेहाला लहान मुलं दिसतात. घरच्या तुळसाबाईकडे, म्हणजे उषा नाईक यांच्याकडे, त्या दिसण्याचा अर्थ तयार आहे, आणि तो बाधेच्या, जपण्याच्या, गप्प राहण्याच्या भाषेत आहे. उषाताईंनी ही बाई कुठेही आरडाओरडा न करता उभी केली आहे. तिच्या आवाजात माया असते आणि तिच्या प्रत्येक वाक्यागणिक नेहाचं जग एकेक हात आखडत जातं. शेवटी फडातलं गुपित उघड होतं ते मुलींच्या हत्येचं. इथे चित्रपट भुताखेतांच्या पलीकडे जातो. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली होत्या; राज्याचा आकडा ८९४ होता. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने केला होता, आणि त्याच महाराष्ट्रात हा आकडा निघाला. मुलींच्या हत्येची ही गोष्ट पडद्यावर पाहताना म्हणूनच ती केवळ लेखकाची लहर वाटत नाही. पुढे फुरियानेच २०२१ मध्ये हिंदीत ‘छोरी’ नावाने हीच गोष्ट पुन्हा सांगितली.

चित्रपट चांगला आहे. तरीही एक प्रश्न उरतो. प्रेक्षक नेहावर विश्वास ठेवतो, पण कधी? तिला दिसलं ते खरंच होतं, हे सिद्ध झाल्यावर. ती बरोबर निघाली म्हणून ती वेडी नाही. समजा ती चुकीची निघाली असती, मुलं खरोखरच तिच्या थकलेल्या, घाबरलेल्या, आठव्या महिन्यातल्या मनाचा भास असती, तर? तर तिला एकटीला फडात सोडून जाणं योग्य ठरलं असतं का?

या प्रकारच्या चित्रपटांची जवळजवळ सगळी परंपरा हा प्रश्न टाळत आली आहे. पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८च्या नाटकावरून जॉर्ज क्युकरने १९४४ मध्ये काढलेल्या ‘गॅसलाइट’मध्ये नवरा बायकोला पद्धतशीरपणे वेडी ठरवत जातो, इन्ग्रिड बर्गमनला त्यासाठी ऑस्कर मिळालं. राज खोसलांच्या ‘वो कौन थी’त (१९६४) इस्टेटीसाठी नायकाला वेडा ठरवण्याचा डाव आहे. त्याच वर्षी राजा परांजप्यांनी मराठीत ‘पाठलाग’ काढला. बायको डोळ्यांदेखत गेली असं मानणाऱ्या वकिलासमोर हुबेहूब तिच्यासारखी एक बाई आरोपी म्हणून उभी राहते आणि आपण तीच आहोत असं सांगते, तेव्हा तिचं ऐकायचं की स्वतःच्या डोळ्यांवर विसंबायचं हा पेच त्याला पडतो. खोसलांनी दोन वर्षांनी त्याचाच ‘मेरा साया’ केला. या सगळ्या चित्रपटांत शेवटी कट उघडा पडतो, वेडा ठरवलेला माणूस शहाणा निघतो, प्रेक्षक निःश्वास टाकून घरी जातो. खरोखर आजारी असलेल्या माणसाला या गोष्टींत जागाच नसते. तो असलाच तर शेवटच्या दहा मिनिटांत खुनी म्हणून बाहेर येतो.

स्वतंत्र चित्रपटाकडून अपेक्षा ठेवायची ती इथे. त्याच्यावर नायक जपण्याचं, गाणी घालण्याचं, शेवट गोड करण्याचं ओझं नसतं. आणि संशयाच्या गोष्टीला पैसाही कमी लागतो. हर्क हार्वे हा अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका छोट्या कंपनीसाठी शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट करणारा माणूस. त्याने १९६२ मध्ये सुमारे ३३ हजार डॉलरमध्ये ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ हा त्याचा एकुलता एक कथापट केला. त्यात चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी मेरी एका दुकानात कपडे घालून पाहायला आत जाते आणि बाहेर येते तेव्हा विक्रेतीला तिचं बोलणं ऐकू येत नाही. ती बोलते, हातवारे करते, कुणी वळून बघत नाही. रस्त्यावर गाड्या धावत असतात, पण आवाज नाही. ती बागेत एका झाडापाशी पोहोचते आणि अचानक पक्ष्यांची किलबिल सुरू होते. जग परत आलेलं असतं. या प्रसंगासाठी हार्वेला काय लागलं? ध्वनिपट्टी बंद करणं आणि पुन्हा सुरू करणं. २०१८ मध्ये स्टीव्हन सोडरबर्गने तर ‘अनसेन’ हा चित्रपट आयफोनवर चित्रित केला. नीट न वाचता सही केलेल्या कागदामुळे मनोरुग्णालयात अडकलेल्या बाईची ती गोष्ट आहे. भीती आवाजातून, चौकटीबाहेर ठेवलेल्या गोष्टीतून, एका सेकंदाने उशिरा केलेल्या कटमधून निर्माण होते, आणि हे सगळं पनवेलच्या महाविद्यालयातल्या एकांकिका करणाऱ्या मुलांच्याही आवाक्यात आहे.

माणूस खरोखरच आजारी असेल तर काय, या टाळलेल्या प्रश्नाला मराठीत थेट भिडला तो ‘देवराई’.

त्याची निर्मितीकथाच वेगळी आहे. धुळ्याकडचे आणि कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या घरात स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला, आणि या आजारावर लोकांनी बघावा असा चित्रपट व्हावा म्हणून पाठबळही दिलं. म्हणजे या चित्रपटामागे नफ्याकडे डोळे लावून बसलेला स्टुडिओ नव्हता. आजार घरात अनुभवलेली माणसं होती. अतुल कुलकर्णींचा शेष हा कोकणातला हुशार, हळवा माणूस. गावच्या देवराईशी त्याचं नातं इतकं घट्ट की ती राई तोडली जाईल ही भीती आणि त्याच्या मनातली पडझड एकमेकांत मिसळून जातात. सोनाली कुलकर्णीने केलेली सीना ही त्याची बहीण. तिच्या घरी तो येतो आणि तिच्या संसारावर त्याचा ताण पडू लागतो.

शेष वस्तुस्थितीबद्दल चुकतो. त्याला ऐकू येणारे आवाज खरे नाहीत, त्याला कटाचा संशय येतो तसा कट नाही. कुठलंही रहस्य उलगडून तो शेवटी शहाणा ठरत नाही. तरी दिग्दर्शक आपल्याला त्याच्या शेजारी बसवतात, त्याचं बोलणं पूर्ण होऊ देतात. आणि त्याच्या चुकीच्या बोलण्यात एक गोष्ट बरोबर असते: राया खरंच तुटत आहेत. बाहेरच्या जगातला घाव त्याच्या मनाने आपल्या पद्धतीने नोंदवला आहे. गंमत म्हणजे ५२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘देवराई’ला सन्मान मिळाला तो पर्यावरण संवर्धनावरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून. एका मनोरुग्णाची गोष्ट परीक्षकांना जंगलाची गोष्ट म्हणून दिसली. शेषचं म्हणणं निदान तेवढ्यापुरतं दिल्लीपर्यंत पोहोचलं, असं म्हणायला हरकत नाही.

‘कौल’ची वाट तिसरी आहे. रोहित कोकाटेच्या नायकाला एक अनाकलनीय अनुभव येतो आणि आपलं डोकं फिरलंय की आपल्याला इतरांना न दिसणारं काही कळलंय, हे त्याला ठरवता येत नाही. कोकणात कौल लावताना देवापुढे गाऱ्हाणं घालून पाषाणाला पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. चित्रपट मात्र पाकळी पडायची वाट बघायला लावतो आणि निकाल देत नाही. सगळ्यांना हा चित्रपट झेपला नाही, काहींना तो मुद्दाम अवघड केलेला वाटला, आणि मध्ये काही जागी तो खरोखरच रेंगाळतो. पण आपण शुद्धीवर आहोत का, याचा पुरावा माणूस स्वतःला देऊ शकत नाही, ही कोंडी इतक्या निष्ठेने मराठी पडद्यावर क्वचितच मांडली गेली आहे.

रंगभूमीला ही कोंडी जुनी. प्रशांत दळवींचं ‘ध्यानीमनी’ त्याचं सर्वांत धारदार उदाहरण. २०१७ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी त्याचा चित्रपट केला, अश्विनी भावे आणि महेश मांजरेकर यांना घेऊन. ज्या मुलाभोवती नवरा-बायकोचा सगळा दिवस फिरतो तो मुलगा अस्तित्वातच नाही. नवऱ्याला हे ठाऊक आहे आणि तरी तो त्या मुलाचा बाप होऊन जगतो. तिला खोटं पाडण्याऐवजी तो तिच्या जगात राहायला जातो. हे प्रेम की पलायन, यावर नाटक बघून आलेल्या घरांत बराच काळ वाद झाले असतील. शेखर ताम्हाणे यांच्या ‘सविता दामोदर परांजपे’ने, रीमा यांच्या अभिनयासह, प्रेक्षकांना झपाटणं आणि आजार यांच्या सीमेवर नेलं, २०१८च्या चित्रपटरूपात मात्र झपाटण्याचाच पगडा अधिक राहिला.

आता जे चित्रपट या वाटेने येऊ पाहतात त्यांच्याकडून एक मागणी स्पष्टपणे करायला हवी. मानसिक आजार हा शेवटचा धक्का म्हणून वापरणं बंद व्हावं. नायकाला दोन व्यक्तिमत्त्वं होती, मित्र म्हणून दिसणारा माणूस नव्हताच, सगळं मनोरुग्णालयातल्या खाटेवर घडत होतं, या युक्त्या आता प्रेक्षकाला मध्यंतराआधीच कळतात. त्याहून वाईट म्हणजे त्या मनोरुग्णालयातल्या प्रत्येक माणसाबद्दल भीती पेरतात. खाटेला बांधलेला माणूस आणि शुद्धीवर असताना दिलेला विजेचा झटका ही दृश्यं तर आपल्या सिनेमाने इतकी गिरवली की लोकांना उपचार म्हणजे तेच वाटतं. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ने भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता विद्युत उपचार करण्यावर बंदी घातली आहे, आणि रुग्णाला साखळीने बांधण्यावरही. आजच्या काळात घडणाऱ्या कथेत असं दृश्य दाखवायचं असेल तर ते गुन्हा म्हणून दाखवावं.

त्याच कायद्याचं कलम ३ पटकथा लिहिणाऱ्याने शेजारी ठेवावं इतकं महत्त्वाचं आहे. एखाद्या माणसाचं वागणं कुटुंबाच्या किंवा समाजाच्या नैतिक, धार्मिक कल्पनांत बसत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. आणि आजाराचं निदान झालं म्हणून तो माणूस आपोआप ‘विकल मनाचा’ होत नाही. ते सांगण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा. घटस्फोटाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच म्हटलं होतं की बायकोला स्किझोफ्रेनिया आहे असं नुसतं लेबल लावणं पुरेसं नाही, आजाराची तीव्रता पाहावी लागेल. न्यायालयाच्या दारात हे प्रकरण का गेलं असेल, याची कल्पना वर सांगितलेल्या सगळ्या चित्रपटांनी आपल्याला आधीच दिली आहे. फाट्याच्या पलीकडच्या बाजूसाठीही कायदा आहे: डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारहाण करणं हा गुन्हा आहे.

सध्या खरी अडचण आहे ती हे चित्रपट बघायला मिळण्याची. छोट्या मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये दुपारचा एखादा खेळ मिळतो, आठवड्यात तो उतरतो. डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. ‘अस्तु’ आणि ‘कासव’ हे भावे-सुकथनकरांचे चित्रपट त्यांनी चित्रपटगृहांची वाट न बघता गावोगावी नेले, खेळानंतर लोकांशी बोलले. ‘कासव’ला तर २०१६चं सुवर्णकमळ मिळालं होतं, तरीही त्याला हीच वाट धरावी लागली.

पनवेलने ही वाट उचलायला काहीच हरकत नाही. आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह गावाच्या मधोमध आहे, अटल करंडकाच्या एकांकिकांना तिथे महाराष्ट्रभरातून मुलं येतात, म्हणजे अवघड विषय बघायची सवय असलेला प्रेक्षक तयार आहे. रेल्वेने थोड्याच अंतरावर कर्जत आहे, जिथे डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रात रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवलं जातं. २०१८ मध्ये त्यांना या कामासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथून बरी होऊन गेलेली माणसं वर्षानुवर्षं आपलं नाव, गाव सांगत होती आणि कुणी ते ऐकलं नव्हतं, अशा कितीतरी कहाण्या त्या केंद्राने पाहिल्या असतील.

शनिवारी ‘लपाछपी’, रविवारी ‘देवराई’, आणि रात्री जागणाऱ्यांसाठी ‘कौल’, एवढा कार्यक्रम पुरे. खेळानंतर व्यासपीठावर दिग्दर्शक असावा, एखादा मानसोपचारतज्ज्ञ असावा, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारा कार्यकर्ता असावा. आणि ज्याला किंवा जिला हे आवाज खरंच ऐकू आले होते, उपचार घेऊन जो आज नोकरी करतो, घर चालवतो, असा एक माणूस नक्की असावा, आणि त्याला सगळ्यांत आधी बोलू द्यावं. कार्यक्रमपत्रिकेच्या मागे टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक छापावा. २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा दिवसरात्र, विनामूल्य आहे, आणि फोन उचलणारा माणूस मराठीत बोलतो.